डबीखालचा दिवा

आधीच सांगून टाकतो. "सर, मी भूत पाह्यलं" म्हणणाऱ्या मुलाला मी वर्गात बाकावर उभं केलेलं आहे. एकदा नव्हे, तीनदा. इतिहास-भूगोलाचा मास्तर आहे मी. जे नकाशावर बोट ठेवून दाखवता येत नाही ते मी मानत नाही, असं आजवर छाती फुगवून सांगत आलो. त्यामुळे हे लिहिताना जरा लाजच वाटते आहे. आणि यात माझी जी बाजू दिसणार आहे ती पाहता, वाचक भुतापेक्षा मलाच जास्त भितील अशी शंका आहे... असो.

गाव दारव्हा. महाराष्ट्र राज्य होऊन एक-दोन वर्षं झाली असतील तेव्हाची गोष्ट. स्टेशनाकडे जाणाऱ्या रस्त्यावर माझ्या सासऱ्यांचं तीन खोल्यांचं कवेलूचं, म्हणजे कौलारू, घर. सासरे, म्हणजे आमचे मामाजी, छोट्या गाडीच्या लायनीवर स्टेशनमास्तर होते, तिथूनच निवृत्त झाले. मी तिथल्याच शाळेत, आणि माझं घर दोन गल्ल्या सोडून. त्यामुळे मी जावई कमी आणि शेजारी जास्त, असा प्रकार होता.

मामाजींना दमा. हिवाळा आला की त्यांची छाती भात्यासारखी वाजायची. म्हणून लग्नाच्या पहिल्या वर्षापासून दर हिवाळ्यात उजाडलं की मी त्यांच्या अंगणात शेगडी पेटवायचो. धूर पूर्ण जाऊ द्यायचा, कोळसा लाल झाला की मग शेगडी आत न्यायची. आत मामीजी, म्हणजे माझ्या सासूबाई, उभ्या असत. त्यांची एक पद्धत होती. दाराच्या उजव्या हाताच्या भिंतीवर त्या तळहात टेकवायच्या, क्षणभर थांबायच्या आणि निकाल द्यायच्या.

"भिंत गार हाय जवाईबापू. दोन कोयसे टाका अजून."

हवा फसवते, भिंत फसवत नाही, असं त्यांचं म्हणणं. त्यांचे हात सदा पाण्यात, त्यामुळे तळवा बर्फासारखा. आता इतक्या गार हाताला भिंत उलट कोमट लागायला पाहिजे, हे मला फार उशिरा सुचलं. पण बारा वर्षांत त्यांचा अंदाज कधी चुकला नाही. चुन्याच्या भिंतीवर त्या जागी हाताचा एक तेलकट डाग पडला होता. दिवाळीत चुना मारला की जायचा, माघ उजाडेपर्यंत परत दिसायचा.

या शेगडीवर माझा फार जीव होता. पगार बेताचा, घरात बोलबाला नाही, शाळेत हेडमास्तर विचारत नाहीत... पण हिवाळ्याचे तीन महिने एका घरातली ऊब माझ्या हातात होती.

मग मामीजी गेल्या. आणि त्याच सुमारास माझे साडभाऊ विलायतेहून परत आले.

साडभाऊ म्हणजे माझ्या धाकट्या मेहुणीचे, शालूचे, यजमान. विनायकराव. विजेच्या खात्यात इंजिनियर, नागपूरला राहायचे, वर्षभर शिक्षणासाठी विलायतेला जाऊन आलेले. उंच, गोरे, बोलायला गोड, वरून नम्र. नम्रपणाचाच जास्त राग यायचा मला. माणूस उर्मट असला की त्याचा मत्सर करायला सोपं जातं. मामाजी त्यांना "विनायकराव" म्हणत आणि मला "मास्तर". मास्तर तर मला रस्त्यावरचा पानवालाही म्हणतो!

विनायकरावांनी मामाजींची छाती पाहिली, शेगडी पाहिली आणि अगदी मऊ आवाजात म्हणाले, "मास्तर, कोळशाचा वायू दम्याला वाईट हो. तुम्ही इतकी वर्षं केलं, तुमचं कौतुकच आहे. पण आता याच्या जागी दुसरं काही करू."

"याच्या जागी." मी ते दोन शब्द आठवडाभर चघळले.

त्यांनी जे केलं ते पाहायला अर्धं दारव्हा लोटलं. परसात एक भट्टी बांधली, तिच्यावर पाण्याची टाकी. टाकीतून लोखंडी पाइप निघाले ते तिन्ही खोल्यांच्या भिंतींच्या कडेने फिरून परत टाकीत. मधे विजेचा एक छोटा पंप. भट्टीत लाकडं घातली की पाणी तापायचं, पंप ते पाइपांतून फिरवायचा आणि खोल्या गरम. पाइपांचं सगळं काम गावातल्या करीम मिस्त्रीने केलं. आणि या सगळ्यावर राज्य करायला विनायकरावांनी विलायतेहून आणलेली एक पितळी डबी. तळहाताएवढी. तिच्यावर एक चकती, चकतीवर फॅरनहाइटचे आकडे, आणि बाजूला हवा किती तापली ते दाखवणारा एक बारीक काटा. नाव थर्मोस्टॅट.

ती डबी त्यांनी लावली कुठे? तर दाराच्या उजव्या हाताला, छातीच्या उंचीवर. नेमकी त्या डागावर.

मी म्हटलं, "तिथे मामीजींचा..."

"हीच जागा बरोबर आहे मास्तर. आतली भिंत आहे, ऊन येत नाही, दाराचा वारा लागत नाही. खोलीचं खरं काय ते इथेच कळतं."

म्हणजे मामीजींनी बारा वर्षांपूर्वी शोधलेली जागा यांनी विलायतेला शिकून शोधली. हे मी मनात म्हटलं. उघड म्हटलं, "वा."

पहिल्याच दिवशी माझा पचका झाला. खोली गार होती म्हणून मी चकती सत्तरवरून थेट नव्वदवर फिरवली. लवकर तापावी म्हणून! विनायकराव हसले नाहीत, हेच वाईट.

"हा नळ नव्हे मास्तर, जास्त फिरवला म्हणून जास्त सुटत नाही. पंप एकाच वेगाने चालतो. डबी फक्त 'हो' म्हणते नाहीतर 'पुरे'. आत दोन धातूंची जोडपट्टी आहे. गार झाली की एका बाजूला वाकते, तार जुळते, पंप सुरू. तापली की सरळ होते, तार सुटते, पंप बंद. भट्टी आपली जळतच असते. ऊब सोडायची की नाही एवढंच ही ठरवते."

म्हणजे मीच की. मी अन् मामीजी मिळून हेच करत होतो. फक्त आम्हाला पितळेचं झाकण नव्हतं.

"आणि एक लक्षात ठेवा," ते पुढे म्हणाले, "हिला खोली कळत नाही. स्वतःभोवतीची चार बोटं हवा कळते फक्त. म्हणून हिच्याजवळ दिवा, कंदील, काही नको. दिव्याने तापली तर हिला वाटेल अख्खी खोली तापली. पंप बंद पडेल आणि माणूस इकडे गारठेल."

हे मी लक्षात ठेवलं. फार चांगलं लक्षात ठेवलं.

तो हिवाळा मामाजींची छाती खरोखरच कमी वाजली. येणारा-जाणारा डबी पाहायचा. "टक" आवाज झाला की पंप घुर्रर्र करायचा आणि मामाजी अभिमानाने सांगायचे, "आमचे विनायकराव. विलायतेहून आणलं." बाजारात लोक मला थांबवून विचारायचे, "काहून हो मास्तर, ते डबी उन्हायात उलटी चालते का?" माझी शेगडी अंगणात नुसती पडून होती. एक दिवस तिच्यात कोंबडी अंडं घालून गेली. कुसुम, म्हणजे आमची बायको, म्हणाली, "चला, कामी तरी आली." मी दोन दिवस तिच्याशी बोललो नाही.

आता मुख्य गोष्ट. पुढच्या वर्षीचा पौष महिना, मामीजींची तिथी. शालू आणि विनायकराव चारच्या गाडीने येणार होते, संध्याकाळी चार नातेवाईक जेवायला. कुसुम सकाळपासून तिथे स्वयंपाकाला लागली होती. शाळेत जायच्या आधी मी डोकावलो. कुसुम मामीजींचा फोटो घेऊन विचारत होती, "कुठं लावू हो?"

आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "इथं लाव. या भिंतीला. इथंच उभ्या राहायच्या ना त्या."

कुसुमच्या डोळ्यांत पाणी आलं. "तुमच्या बरं ध्यानात हाय."

मामाजीही खाटेवरून म्हणाले, "मास्तरले माया हाय."

मी फोटो डबीच्या वर लावला. डबीच्या खाली वीतभर अंतरावर एक फळी ठोकली. फळीवर तेलाचा मोठा दिवा ठेवला, वात जाड घातली, तेल संध्याकाळपर्यंत पुरेल इतकं ओतलं. आणि हात जोडले. वाचकहो, हात जोडताना माझ्या मनात मामीजी नव्हत्या. चार वाजता विनायकराव खोलीत पाऊल टाकताना दिसत होते. भट्टी धडाडून जळते आहे, पंप गप्प आहे, खोली गार पडली आहे आणि सगळे नातेवाईक त्यांच्या डबीकडे बघताहेत! मग कुणीतरी म्हणेल, मास्तर, शेगडी आणा बरं. एवढंच मागणं होतं माझं. आभाळ निरभ्र होतं. खोली थोडी गार पडेल, जास्त काय होणार?

बाराच्या सुमारास आभाळ काळं झालं. वारा सुटला आणि मग गारपीट. शाळेचे पत्रे असे वाजू लागले की शिकवणं बंद झालं. गारा थांबल्या, तर पाऊस. आणि पाठोपाठ अशी थंडी की मुलं एकमेकांना चिकटून बसली. मी फळ्यावर नदीचं खोरं काढत होतो. खडू हातात तसाच राहिला.

मामाजी!

त्याच महिन्यात डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले होते, "मास्तर, आता एकदा छातीत थंडी बसली तर माझ्या हातात काही राहणार नाही." आणि मामाजी मागणारे नव्हते. दात वाजले तरी मुलीला हाक मारणार नाहीत. म्हणून तर मामीजी लागायच्या. म्हणून तर शेगडी लागायची. आणि मी त्यांच्या डबीला सांगून आलो होतो की सगळं छान गरम आहे.

छत्री नव्हती. भिंतीवरचा जगाचा कापडी नकाशा काढला, डोक्यावर घेतला आणि पळालो. रस्त्यावर गारांचा खच. दोनदा घसरलो. अडीच वाजले असतील. म्हणजे दिवा पेटून साडेपाच तास.

कुसुमने दार उघडलं. "अवो, हे काय? शाळा सोडून काहून आले? अन् हे काय घेतलं डोक्यावर?"

"मामाजी..."

"बसले हायेत आत. मी आपली पुरणाले लागली, दोन तास झाले बघितलं नाही. काहून?"

मी ओल्या चपलांसकट आत घुसलो.

मामाजी खाटेवर बसले होते. अंगात फक्त बंडी. घोंगडं पायाशी ढकललेलं. हातात पेपर, आणि त्याच पेपराने ते वारा घेत होते.

"बरं झालं आले मास्तर," ते म्हणाले. "तो पंप बंद करता येते का पाहा जरा. सकायपासून थांबला नाही. मले घाम येऊन राह्यला."

पंप घुर्रर्र करत होता. मामाजींच्या उशाशी खिळ्याला त्यांचा नोकरीतला जुना थर्मामीटर टांगलेला असायचा. त्यात शहात्तर होतं.

मी वळून भिंतीकडे पाहिलं. दिवा विझला असेल, दुसरं काय! पण दिवा जळत होता. मी घातलेली तीच जाड वात, ज्योत सरळ. डबी आणि ज्योत यांच्यामध्ये हात धरून पाहिला तर चटका बसला. मग डबीवरचा काटा पाहिला. चष्मा पुसून परत पाहिला.

काटा पन्नास आणि साठच्या मधे होता.

खोलीत शहात्तर. खाली ज्योत. आणि डबी म्हणत होती, गार आहे.

मी तिला बोट लावलं. रात्री अंगणात राहिलेला तांब्या सकाळी हाताला लागतो ना, तसं लागलं ते पितळ. मग बाजूच्या भिंतीला हात लावला. भिंतही गार. बोटं सरकवत गेलो तर थोड्या अंतरावर एकदम कोमट. वर कोमट, डाव्या-उजव्या अंगाला कोमट. गार होती ती डबीभोवतीची तेवढीच जागा. आता तिथे चार बोटं आणि अंगठा असा आकार होता, असं मी म्हणणार नाही. मी मास्तर आहे. तळहाताएवढी जागा होती, एवढंच म्हणेन.

कुसुम मागे येऊन म्हणाली, "असे पांढरे काहून पडले?" तेव्हा मी भानावर आलो. दिवा उचलला. घाईत तेल फळीवर सांडलं. दिवा पार पलीकडच्या कोनाड्यात नेऊन ठेवला आणि परत येतो न येतो...

टक.

पंप थांबला. काटा सत्तरच्या वर गेला होता. दिवा होता तोवर गार, आणि दिवा काढल्याबरोबर गरम! विनायकरावांनी शिकवलेल्या विद्येच्या अगदी उलट. भिंतीला हात लावला. सगळीकडे सारखी, कोमट.

"झाला का बंद? हुशार हो मास्तर तुम्ही," मामाजी म्हणाले आणि पेपर वाचू लागले.

चारची गाडी पाच वाजता आली. खोली उबदार, मामाजी खुशीत, विनायकरावांची वाहवा. फळीवरचं तेल आणि डबीखालची काजळी त्यांच्या नजरेतून सुटली नाही.

"इथे दिवा कोणी ठेवला होता?"

"यांनी," कुसुम कौतुकाने म्हणाली. "आईची जागा म्हणून. सकाळपासून होता."

विनायकरावांनी माझ्याकडे पाहिलं. मी नकाशा वाळत घालण्यात गुंतलो.

"अन् पंप?"

"दिवसभर चालू," मामाजी म्हणाले.

रात्री मी त्यांना काट्याचं आणि गार भिंतीचं तेवढं सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी करीम मिस्त्रीला बोलावलं, डबी उघडली. पट्टीवर नुसता गरम श्वास सोडला, टक, पंप बंद. ओलं फडकं लावलं, टक, सुरू. मग तोच दिवा त्याच फळीवर ठेवला. दहा मिनिटांत पंप बंद. तीनदा ठेवला, तीनदा बंद. करीम मिस्त्रीने तारा पाहिल्या, भिंतीत पाणी मुरलंय का पाहिलं, पलीकडून कोणता पाइप जातो का पाहिलं. भिंत खडखडीत कोरडी. शेवटी त्याने विडी पेटवली.

"मास्तरजी, मशीन झूठ नहीं बोली. ठंडा लगा तो ठंडा बोली. अब ठंडा काहे को लगा, वो मेरेको मत पूछो."

विनायकराव परत जाताना मी त्यांना स्टेशनवर पोचवायला गेलो. शालू डब्यात बसली. आम्ही दोघे खाली उभे. मला राहवेना.

"विनायकराव, तो दिवा मी मुद्दाम ठेवला होता."

"माहीत आहे मास्तर. तुम्ही एकदा ऐकलेलं विसरत नाही."

मला वाटलं आता बोलतील, चिडतील. पण ते रुळांकडे बघत म्हणाले, "मला एक सांगा. मामीजी तुम्हाला रोज कोळसे टाकायला सांगायच्या, नाही?"

"रोज."

"मला बसायला सतरंजी द्यायच्या. चहा बशीतून द्यायच्या. कधी साधं पाणी भरायला सांगितलं नाही हो. तुम्ही दोघं शेगडीपाशी काय बोलायचे, मी त्या सतरंजीवरून ऐकत असायचो. इतका राग यायचा मला तुमचा..." ते जरा हसले. "घरात तुमचंच चालायचं मास्तर. म्हणून तर ती डबी आणली."

इतकी वर्षं ज्या माणसाचा मी मत्सर केला, तो माझ्या शेगडीचा मत्सर करत होता! गाडीने शिट्टी दिली. पायरीवर चढता चढता ते म्हणाले, "परवा मामीजींनी त्या डबीवर हात ठेवला असेल तर तो तुमच्यासाठीच ठेवला. तुमच्या हातून काही वाईट होऊ नये म्हणून."

पुढे दोन हिवाळे मामाजी सुखाने राहिले आणि एका उन्हाळ्यात, शांतपणे, गेले. पाइप करीम मिस्त्रीने काढून नेले. डबी नागपूरला गेली. भिंतीवर दोन स्क्रूची भोकं तेवढी राहिली आहेत. त्या खोलीत आता मी मुलांना शिकवणी देतो. हिवाळ्यात कुणी आलेलं नसताना तिथे हात टेकवून पाहतो. नुसती भिंत असते.

त्या दिवशी साडेपाच तास त्या डबीला ज्योत का लागली नाही, याचं उत्तर ना विलायतेच्या विद्येकडे आहे ना माझ्या नकाशात. असलं तर वाचकांनी जरूर कळवावं. मला दुसराच प्रश्न छळतो. मामीजींनी हात ठेवला असलाच, तर तो कोणासाठी? नवऱ्यासाठी, हे उघड आहे. पण माझ्या हातून पाप घडू नये म्हणून, की धाकट्या, लाडक्या जावयाच्या डबीला बोल लागू नये म्हणून? मला मनातून दुसरंच खरं वाटतं. त्या नेहमी त्यांचीच बाजू घ्यायच्या.

विनायकरावांना मात्र आजही वाटतं की तो हात माझ्यासाठी होता. भेटले की जरा खट्टू होऊन तसं म्हणतात. मी त्यांची समजूत काढत नाही.